वाऱ्याला रकाना नव्हता

नवऱ्याचं नाव घेऊ नये असं मला आईनं शिकवलं होतं. पण ही गोष्ट सांगताना ‘आमचे हे’ आणि ‘आमचे ते’ करत बसले तर तुमचाच गोंधळ होईल, म्हणून सरळ सांगते. माझ्या माणसाचं नाव हिरामण. मी सरुबाई. आमचं गाव नाशिक-पेठ रस्त्याला, घाटाचा उतार संपतो तिथं, आत वीस-पंचवीस घरं. भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकते. ती घरात आली की गावातली निम्मी माणसं पोराबाळांसकट ट्रकात बसून द्राक्षाच्या बागांवर कामाला जातात. हिरामण कधी गेला नाय. तो रस्त्यावर गाड्या मोजायचा.

हसू नका. माझा बापही हसला होता. “गाड्या मोजतो म्हणजे? मोजून काय करतो?” असं त्यानं सोयरीक झाल्यावर तीनदा विचारलं. पण ते काम असतं. रस्ता किती रुंद करायचा, त्यावर डांबर किती जाड घालायचं, हे सगळं तिथून रोज किती गाड्या जातात त्यावर ठरतं. त्यासाठी रस्त्याचं खातं वर्षातून दोनदा, सात-सात दिवस, कडेला माणूस बसवायचं. माणसाच्या हातात एक लांबलचक कागद. वर रकाने: ट्रक, एसटी, जीप-कार, मोटरसायकल, ट्रॅक्टर, बैलगाडी, सायकल. कडेला पंधरा-पंधरा मिनिटांची वेळ. गाडी गेली की रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. त्याला हिरामण जुडी म्हणायचा, कोथिंबिरीची असते तशी. घरी आला की मी विचारायचे, “आज किती जुड्या?” आणि तो भाजीवाल्यासारखा सांगायचा.

एक्क्याण्णव साली तो खडी वाहायला लागला होता, रोजंदारीवर. दोन वर्षांनी मोजणीचा माणूस आजारी पडला, तेव्हा पुंजा मुकादमानं ह्याला सातवी पास म्हणून तिथं बसवलं. पुंजा सगळ्या मजुरांवर ओरडायचा, ह्याच्यावर कधी नाय. कारण हिरामणचा आकडा चुकायचा नाय. पहिली चार-पाच वर्षं त्याला कुठं कुठं पाठवायचे, देवळ्याला, विंचूरला. तिथं कांद्याच्या मोसमात ट्रॅक्टरांची अशी रांग लागते की चांगल्या चांगल्यांचे आकडे खालीवर होतात. हा बरोबर मोजून यायचा.

त्याचं खरं कसब कानात होतं. रस्त्याकडे पाठ करून बसला तरी सांगायचा, “ही पेठ डेपोची एसटी, दुसऱ्या गिअरला खोकते.” “हा ट्रक रिकामा हाय, मागचा फाळका वाजतोय.” आम्ही लग्न झाल्यावर गंमत करायचो. मी त्याचे डोळे पदरानं बांधायचे आणि तो गाड्या ओळखायचा. आता आठवलं की अंगावर काटा येतो. कुठल्या गोष्टीची गंमत केली आम्ही!

सत्त्याण्णव साली शिमग्याच्या सुमाराला तो अंगणात शेळीला अडखळून पडला. शेळी काय लपून बसली नव्हती, वाटेत उभी होती. आम्ही पोट धरून हसलो. मग आठ दिवसांनी जेवताना त्यानं हाताशी ठेवलेला पाण्याचा तांब्या पाडला. मग पुन्हा पाडला. दिवस मावळला की भिंत धरून चालायला लागला. मी म्हटलं, “पिऊन येतो का रं?” तो भिंत चाचपत तसाच पुढं गेला, आणि ते बघून माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

नाशकात डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डोळ्यात औषध घालून लय वेळ बघितलं. मग मला आत बोलावून सांगितलं, “बाई, ह्यांच्या डोळ्याचा आतला पडदा कडेनं वाळत चाललाय. पाइपातून बघावं तसं दिसतं ह्यांना. समोरचं स्वच्छ दिसतं, पेपर वाचतील. पण बाजूचं काहीच नाही. आणि हा पाइप बारीक होत जाणार.” ऑपरेशन नाय, चष्मा नाय. आम्ही परतीच्या एसटीत बसलो. घाट लागायच्या आधी हिरामण हळूच म्हणाला, “सरू, हे कुणाला सांगायचं नाय. पुंजाला कळलं तर उद्याच्या उद्या घरी बसवतील. डोंगऱ्या देवाची आण घे.” मी घेतली. डोंगऱ्या देवाची आण आमच्यात खेळ नाय. ती मोडणाऱ्याचं घर बसतं, असं मी लहानपणापासून ऐकत आले.

तेव्हापासून लांबच्या मोजण्या त्यानं सोडल्या. घरची अडचण हाय म्हणायचा. रातपाळी दुसऱ्याशी बदलून घ्यायचा. फक्त आमच्या घाटाखालची चौकी ठेवली, तिथं मोजणी बारा महिने चालायची. चौकी म्हणजे काय, एक पत्र्याचा आडोसा, एक लाकडी खोकं बसायला, आणि समोर रस्ता. मी डबा घेऊन जायचे आणि त्याच्या डाव्या अंगाला बसायचे ते संध्याकाळपर्यंत उठायचेच नाय. मोठी गाडी त्याला ऐकू यायचीच. सायकलवाला आला की मी एक कोपर मारायचे, बैलगाडीला दोन, आणि बंद जीपला तीन.

बंद जीप म्हणजे काय, ते सांगते. आमच्या घाटात पेठेकडून येणारे जीपवाले उतार लागला की इंजिन बंद करून टाकतात. डिझेल वाचतं. पंधरा-सोळा माणसं भरलेली जीप, वर टपावर चार, मागं लोंबकळणारे दोन, आणि आवाज शून्य. टायरांची थोडी सरसर, ती सुद्धा वाऱ्यात विरून जाते. माझ्या नणंदेचा केरू अशीच जीप चालवायचा. त्याला मी शंभरदा सांगितलं, “अरे हॉर्न तरी वाजव.” तो म्हणायचा, “मामी, रस्ता मोकळा असला तर कशाला वाजवू?” त्याला तरी काय कळणार, मामाला दिसत नाय ते?

सहा-सात वर्षं अशी गेली. कोपर मारून मारून माझं कोपर काळं पडलं. लोकांना वाटायचं, काय बाई नवऱ्याला चिकटून बसते! बायका चिडवायच्या. मी पण हसायचे. पण रोज सकाळी तो निघाला की आज कुणी ओळखलं तर, ही धास्ती असायचीच. बारा-तेरा वर्षं रोजंदारी केलेल्यांना कायम करणार अशी बातमी आली, त्यानंतर तर ती धास्ती दुप्पट झाली. यादीत हिरामणचं नाव होतं. दिसत नाय हे एकदा कळलं की नाव जाणार. बस, तेवढीच एक गोष्ट मी जपत होते. बाकी मला कशाचीच पर्वा नव्हती.

दोन हजार चारच्या जानेवारीत तृप्ती मॅडम आल्या. खात्यातल्या नव्या इंजिनिअर, वयानं लहान, डोक्याला स्कार्फ, पायात बूट. जीपमधनं त्यांनी यंत्रं उतरवली. पुंजा मुकादम मागं मागं खोकी वाहत होता. मॅडमनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, “आता माणसाऐवजी यंत्रानं मोजायचं का, ते बघायचंय. तीन प्रकारची यंत्रं लावू. तीन दिवस हिरामणभाऊ पण मोजतील. ज्या यंत्राचा आकडा त्यांच्या आकड्याशी जुळेल ते खरं.”

म्हणजे तीन यंत्रांची परीक्षा, आणि मास्तर माझा हिरामण! 

मी चहा द्यायच्या निमित्तानं तिथंच घुटमळले आणि एकेक विचारून घेतलं. पहिलं यंत्र म्हणजे रस्त्यात खाच पाडून पुरलेलं तारेचं वेटोळं. वरनं लोखंड गेलं की त्याला कळतं. बैलगाडीत लोखंड थोडं, ती त्याला दिसत नाय. दुसरं म्हणजे खांबावर कॅमेरा.  मी विचारलं, “मॅडम, त्यात माणसाचा फोटो राहतो का? म्हणजे कोण काय करतंय ते?” मॅडम हसल्या. “नाही मावशी. तो फक्त आकडा लिहितो, चित्र साठवत नाही. लाजताय होय!” मी लाजल्यासारखं केलं. तिसरं म्हणजे काळी रबरी नळी. रस्त्यावर आडवी टाकून खिळ्यांनी ठोकलेली, एक टोक बंद, दुसरं एका डब्यात. चाक नळीवर चढलं की आतली हवा दाबली जाते आणि डबा मोजतो. दोन दणके म्हणजे एक गाडी. “हिची एकच खोड,” मॅडम म्हणाल्या, “इकडनं एक आणि तिकडनं एक अशा दोन गाड्या एकाच क्षणाला चढल्या तर हिला एकच वाटते.” सायकली आणि बैलगाड्या ह्या परीक्षेत धरायच्या नाहीत असं ठरलं, डबाही तसाच लावला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निम्मी भीती गेली.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, “आणि मावशी, तीन दिवस मोजणीच्या जागी दुसरं कुणी बसायचं नाही. लक्ष विचलित होतं. डबा द्या आणि जा.”

मी हिरामणकडे बघितलं. तो मॅडमकडे सरळ बघत होता, त्याला तेवढंच दिसतं. त्याचा डावा हात मात्र खोक्यावर मला चाचपत होता.

पहिल्या दिवशी मी डबा दिला आणि गेले, पण घरी नाय गेले. उताराच्या वर मोहाचं झाड हाय, तिथं सरपण गोळा करायचं सोंग करून बसले. खाली हिरामण एकटा, गळ्याला मफलर, मांडीवर कागद. सकाळी धुकं होतं. गाडी आली की त्याची मान वर, हात खाली. मान वर, हात खाली. मी प्रत्येक गाडीला वरनं हाताची मूठ आवळत होते. दुपारपर्यंत नखं तळहातात रुतली. यंत्रांचीही तऱ्हाच होती. कॅमेऱ्याला धुक्यात काही दिसेना, आणि ऊन पडल्यावर तो झाडाच्या सावल्या मोजायला लागला. चारशे गाड्या जास्त दाखवल्या मेल्यानं. तारेचं वेटोळं दुसऱ्या दिवशी सकाळीच मेलं. द्राक्षाचा भरलेला ट्रक गेला आणि खाचेत तार तुटली. राहिली नळी आणि राहिला हिरामण.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. नळीचा खिळा ढिला झाला की हातोडीनं ठोकायचा, हे काम मॅडमनी हिरामणलाच दिलं होतं. तो उठला, दोन्ही बाजूंना कान दिला, आणि रस्त्यात जाऊन उकिडवा बसला. ठक, ठक. मी वर होते. माझी नजर वळणावर गेली आणि वळणातनं केरूची जीप येताना दिसली. बंद. टपावरची माणसं मला ओळखू येत होती. जीप घरंगळत येत होती आणि हिरामण पाठमोरा खिळा ठोकत होता. मी ओरडायला तोंड उघडलं. आवाजच फुटला नाय.  जीप त्याच्या इतक्या जवळनं गेली की त्याच्या मफलरचं टोक उडालं. केरूनं जाता जाता त्याला हात केला. त्याला वाटलं, मामा बहाद्दर हाय, हलत पण नाय. हिरामणनं आणखी दोन ठोके घातले, कंबर धरून उठला, खोक्यावर येऊन बसला. कागदावर रेघ मारली नाय.

मी झाडाला धरून ओकले.

संध्याकाळी घरी त्याला काही सांगितलं नाय. सांगितलं तर उद्या तो भिऊन नीट मोजणार नाय, आणि एकच दिवस राहिला होता. मनाला समजावलं, एकदा झालं, टळलं, देव पावला. केरूला मात्र पहाटे गाठून सांगितलं, “उद्या इंजिन बंद केलंस तर तुझ्या आईला सांगून तंगडी मोडवते.” त्यानं कान पकडले. तिसऱ्या दिवशी तो घरघर करत उतरला. पण रस्त्यावर केरू काय एकटाच होता?

तिसऱ्या दिवशी उन्हं उतरली तेव्हा मॅडमनी नळीचा डबा उघडला. त्यातनं कागदाची पट्टी निघाली, एसटीच्या तिकिटासारखी, पण लांब. त्यावर प्रत्येक गाडीची वेळ छापलेली. त्या हिरामणचा कागद आणि पट्टी शेजारी ठेवून पंधरा-पंधरा मिनिटांचं जुळवत बसल्या. मी चहा घेऊन गेले. 

“कमाल आहे,” मॅडम म्हणाल्या. “तीन दिवसांत फक्त नऊचा फरक! नळी नऊ जास्त दाखवते. हे बघा, पावणेअकरा ते अकरा, भाऊंच्या कागदावर सगळे रकाने कोरे, आणि नळी म्हणते दोन गाड्या गेल्या. गाडीच नव्हती तर मोजली कुठनं? गुरं गेली असतील नळीवरनं.”

पुंजा मुकादम दात काढून हसला. “मॅडम, मी सांगितलं होतं. हिरामणचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ.”

“खरंय. माझ्या अहवालात मी तसंच लिहिते. ह्या रस्त्यावर माणूसच बरा. आणि भाऊ, कायम करायच्या यादीसाठी तुमचं नाव मी स्वतः पुढं करते. ही चौकी तुमचीच.”

हिरामणनं हात जोडले. त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं. सगळे त्याला शाबासकी देत होते आणि मी तिथं उभी राहून एकच शब्द ऐकत होते. नऊ.

मला एकच माहीत होती. केरूची, मफलर उडवून गेलेली. बाकीच्या आठ? मी मोहाखाली सरपण वेचत होते तेव्हा? धुक्यात? डब्याचं फडकं सोडत होता तेव्हा? नळी खोटं बोलत नव्हती, गुरं गेली असती तर त्यांच्या घंटा मला ऐकू आल्या असत्या, मी तिन्ही दिवस वरच होते ना! नऊ वेळा बंद जीप माझ्या माणसाच्या अंगाजवळनं गेली होती, आणि त्याला एकीचाही पत्ता नव्हता. तीन दिवसांत नऊ. आणि आता ही चौकी कायमची त्याची. मी सहा-सात वर्षं कुणाला कळेल म्हणून भीत होते. अगं बये, भ्यायचं ते दुसऱ्याच गोष्टीला होतं!

घरी आलो. हिरामणनं शेजारच्यांना बोलावून गूळ वाटला. लंकाबाई म्हातारी, आमची शेजारीण, तिनं त्याच्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली. तो मला म्हणाला, “सरू, संपलं सगळं. आता कसली भीती?” मी हो म्हटलं. 

मी मॅडमना सांगितलं तर? आण मोडते. नाव यादीतनं जातं. बारा-तेरा वर्षं खडी वाहून, उन्हात बसून माणसानं जे मिळवलं ते त्याची बायकोच काढून घेते. आणि नाय सांगितलं तर रोज सकाळी त्याला डबा भरून द्यायचा आणि बंद जीपच्या पुढ्यात पाठवायचं. मी किती कोपरं मारणार? मला ताप आला तर? माझा डोळा लागला तर?

सकाळी मॅडम यंत्रं काढायला आल्या होत्या. हिरामण रस्त्याकडेला बसून नळी गुंडाळत होता. पुंजा खांब उपटत होता. मी मॅडमना बाजूला घेतलं.

“मॅडम, नळी खरी हाय. माझा माणूस खोटा हाय.”

“काय?”

“त्याला कडेचं दिसत नाय. सात वर्षं झाली. कानानं मोजतो तो. बंद जीप ऐकू येत नाय त्याला.”

“मावशी, कळतंय का तुम्हाला, तुम्ही काय बोलताय ते? यादी गेली सुद्धा असेल आज.”

“म्हणून तर पळत आले.”

त्यांनी विश्वास ठेवला नाय. माझ्याकडे बघितलं, मग पायातले बूट काढले, आणि मोज्यांवरच हळूहळू हिरामणच्या डाव्या अंगाला गेल्या. हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. तो नळी गुंडाळत होता, तोंडानं काहीतरी गुणगुणत होता. मॅडमनी हात वर केला. त्याच्या कानाजवळ नेला. बोटं हलवली. तो गुंडाळत राहिला. किती वेळ त्या तशा उभ्या होत्या कोण जाणे.  मनात म्हणत होते, बघ रे बाबा, एकदा वळून बघ, मला खोटी ठरव.

तो वळला नाय. मॅडम तिथंच मैलाच्या दगडावर बसल्या आणि त्यांनी तोंडावर हात धरला.

“हिरामणभाऊ,” त्या शेवटी म्हणाल्या.

तो दचकून केवढा उडाला! नळीचं भेंडोळं हातातनं सुटलं. आवाज इतक्या जवळनं आल्यावर त्याला सगळं कळलं. त्यानं मान फिरवून फिरवून मला शोधलं, आणि मी सापडल्यावर माझ्याकडे बघत राहिला. 

मॅडमनी अहवाल बदलला. नळी बरोबर, असं लिहिलं. हिरामणसाठी लय धावपळ केली बिचारीनं, अपंगाचा दाखला काढून दिला, दुसरं बसून करायचं काम मागितलं. पण रोजंदारीवरच्या माणसाला कोण विचारतं? यादी आली, त्यात त्याचं नाव नव्हतं. पुंजा मुकादम घरी आला, हिरामणपुढं बसून रडला, आणि मला म्हणाला, “बाई, तू हे काय केलंस?” मी डोंगऱ्या देवाला नारळ फोडला, कोंबडं दिलं, आण मोडल्याची माफी मागितली. माझ्या नवऱ्याकडे मागायची हिंमत झाली नाय.

तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. “पाणी दे,” “भाकर दे,” एवढंच. माघ गेला, शिमगा गेला, भात लावून झाला, नागली खळ्यावर आली, तरी नाय. तो अंगणात रस्त्याकडे कान देऊन बसायचा. गाडी गेली की त्याचं बोट मांडीवर हलायचं. चार उभ्या, एक आडवी. ते बोट बघून मला वाटायचं, ह्यानं मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं. आणि तरी सांगते, मला पस्तावा झाला नाय. तो अंगणात होता. मला दिसत होता.

एक दिवस दुपारी मी नागली पाखडत होते. तो खांबाला टेकून बसला होता. मध्येच म्हणाला, “नऊ नव्हत्या.”

माझं सूप थांबलं. “काय नव्हत्या?”

“गाड्या. अकरा होत्या.”

मी त्याच्याकडे वळले.

“डाव्या गालाला वारा लागायचा,” तो म्हणाला. “गाडीचा वारा वेगळा असतो, गरम असतो, डिझेलचा वास असतो त्याला. अकरा वेळा लागला. दोनदा समोरनं एसटी येत होती, तेव्हा नळीनं दोन्ही मिळून एकच धरली असेल. मॅडम बोलल्या होत्या ना, तिची खोड.”

“तुला कळत होतं?”

“गेल्यावर कळायचं.”

“मग लिहिलं का नाय?”

“काय लिहिणार? ट्रकचा रकाना होता, जीपचा होता. वाऱ्याला रकाना नव्हता.” त्यानं धोतराचा काठ चाचपला. “पहिल्या वाऱ्याला मुतलो मी, सरू, धोतरात. मग दर वेळी वाटायचं, पुढची अंगावरच येणार. पण उठून आलो असतो तर नाव गेलं असतं. तुला सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं नसतं.”

“मग दहा महिने मुक्यासारखा कशाला बसलास रे मेल्या? मला वाटलं, मी तुझं घर बुडवलं.”

“लाज वाटत होती,” तो म्हणाला. “मी सांगायला पाहिजे होतं ते तू सांगितलंस.”

मी सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्या डाव्या अंगाला जाऊन बसले. त्यानं चाचपून माझं कोपर धरलं. तेवढ्यात घाटाकडनं काहीतरी आलं. त्याला ऐकू आलं नाय, मला दिसलं, बंद जीप होती. मी त्याला तीन कोपरं मारली, आणि त्यानं मांडीवर एक उभी रेघ ओढली.